सासू-सासरे, पाचवीतला मुलगा आणि चार दिवसांची दिल्ली: एका दिवसात चौदा पॉइंट करू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला. फेब्रुवारीत चार दिवस दिल्ली, पुण्याहून ट्रेनने, सोबत चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे, सासूबाईंचा एक गुडघा दुखतोय, मुलगा पाचवीत, आणि एजंट म्हणतोय की एसी बसने एका दिवसात चौदा पॉइंट होतात, उरलेल्या तीन दिवसांत आग्रा-मथुरा-हरिद्वार करा. तर ही बस घ्यावी का? घेऊ नका. मी एकवीस वर्षं पुण्या-मुंबईचे ग्रुप घेऊन दिल्लीला जातोय, त्यातली पहिली दोन वर्षं अशाच चौदा पॉइंटच्या बसवर काम केलंय, त्यामुळे आतून कसं चालतं ते माहितीय.

चाळीस माणसं बसमध्ये चढायला-उतरायलाच प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं जातात, पार्किंग लांब असतं, मग गाईड सांगतो पंधरा मिनिटांत परत या. चौदापैकी पाच-सहा पॉइंट तर बसच्या खिडकीतूनच दाखवतात, "डावीकडे बघा संसद, उजवीकडे बघा अमुक", आणि दुपारी ऐन मोक्याच्या वेळी एक तास कुठल्यातरी साड्या-शालींच्या दुकानात घालवतात कारण तिथे ड्रायव्हरला कमिशन असतं. माझ्या दुसऱ्या वर्षी सांगलीच्या एक आजी होत्या ग्रुपमध्ये, रात्री हॉटेलच्या लॉबीत त्यांनी मला विचारलं, अरे बाळा, लाल किल्ला म्हणजे त्यातला कुठला होता, ज्याला बाग होती तो की ज्याच्यासमोर गर्दी होती तो? बागवाला म्हणजे हुमायूनचा मकबरा. आयुष्यात एकदा दिल्लीला आलेल्या बाईला लाल किल्ला बघितला हे आठवतच नव्हतं, आणि चूक त्यांची नव्हती, आम्ही दाखवलाच तसा होता. त्यानंतर मी ते काम सोडलं आणि स्वतःचे छोटे ग्रुप सुरू केले, बारा-पंधरा माणसांचे.

आता तुमचं बघू. दिल्ली ही एक नाही, तीन वेगवेगळी शहरं शेजारी-शेजारी आहेत असं धरून चाला. उत्तरेला शाहजहानची जुनी दिल्ली, मध्ये इंग्रजांनी बांधलेली नवी दिल्ली, आणि दक्षिणेला मेहरौली म्हणजे त्या दोन्हींपेक्षा कितीतरी जुनी. कुतुबमिनारपासून लाल किल्ला साधारण अठरा किलोमीटर, ट्रॅफिक लागला तर सव्वा-दीड तास गाडीत. म्हणून एका दिवशी एकच बाजू, सकाळी लवकर निघायचं, दुपारी म्हाताऱ्या माणसांना दोन तास आडवं पडायला मिळालं पाहिजे, संध्याकाळी एक हलकी जागा. दिवसाला दोन, फार तर तीन ठिकाणं. एवढं पाळलंत तर चार दिवसांत खूप होतं.

सगळ्यात आधी वार तपासा. सोमवारी लाल किल्ला बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद, गांधी स्मृती बंद, नॅशनल म्युझियमही बंद. कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, इंडिया गेट, वॉर मेमोरियल हे सोमवारीही चालू असतात. आग्रा करणार असाल तर ताजमहाल शुक्रवारी बंद. दरवर्षी कोणीतरी सोमवारी सकाळी लाल किल्ल्याच्या दारात उभं राहून मला फोन करतं. तुमच्या तारखांमध्ये सोमवार येत असेल तर तो दिवस दक्षिणेला द्या.

फेब्रुवारी निवडलात ते फार चांगलं केलंत. डिसेंबरअखेर ते जानेवारी मध्यापर्यंत धुक्याने ट्रेन आठ-दहा तास लेट होतात, नोव्हेंबरात हवा इतकी खराब असते की वयस्कर माणसांना मी स्वतः नको म्हणतो, एप्रिलच्या मध्यापासून ऊन सहन होत नाही. फेब्रुवारीत सकाळी चांगली थंडी, दुपारी स्वेटर काढून हातात धरावा लागतो, त्यामुळे एक जाड कोट न्यायच्या ऐवजी दोन पातळ गरम कपडे एकावर एक घाला. कानटोपी आणि मोजे सासऱ्यांसाठी नक्की, सकाळच्या रिक्षात वारा लागतो.

ट्रेन. पुण्याहून हजरत निजामुद्दीनला जाणारी गाडी मिळाली तर उत्तम, गोवा एक्सप्रेस किंवा दुरांतो. स्टेशनच्या सराय काले खां बाजूला मेट्रोची पिंक लाईन आहे. झेलमने गेलात तर नवी दिल्ली स्टेशनला उतराल, तिथे एक लक्षात ठेवा, मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे, पहाडगंजच्या बाजूला नाही. पहाडगंजच्या बाजूला बाहेर पडलं की गळ्यात आयकार्ड घातलेली माणसं येतात आणि सांगतात तुमचं हॉटेल बंद झालंय, तुमचं तिकीट कॅन्सल झालंय, सरकारी टुरिस्ट ऑफिसला चला. कोणाशीही बोलू नका, थांबू पण नका. हॉटेलला स्वतःच्या फोनवरून कॉल करा आणि ॲपवरून गाडी बोलवा.

राहायला करोलबाग किंवा कॅनॉट प्लेसच्या आसपास बघा, मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटांत असेल असं. पहाडगंज स्वस्त आहे पण गल्ल्या अरुंद, गाडी दारापर्यंत येत नाही, सासूबाईंना सामान घेऊन चालावं लागेल. लिफ्ट आहे का ते फोनवर विचारा, वेबसाईटवर लिहिलेलं असतं पण ती चालू असेलच असं नाही. मेट्रोत सगळीकडे लिफ्ट आहेत, पहिला डबा बायकांचा, बॅगा मशीनमधून जातात. राजीव चौकला संध्याकाळी साडेपाच ते आठ लाईन बदलायचं टाळा, तिथली गर्दी आपल्या दादरसारखी, म्हातारी माणसं ढकलली जातात. त्या वेळेला सरळ टॅक्सी करा.

पहिला दिवस मी नेहमी नवी दिल्लीला देतो, कारण प्रवासाचा थकवा असतो आणि इथे रस्ते मोकळे, झाडं भरपूर, बसायला जागा आहे. राष्ट्रपती भवन बाहेरून बघून येऊ नका, आतून बघा. त्यांच्या वेबसाईटवर आधी ऑनलाईन बुकिंग करायचं, ओळखपत्र लागतं, वेळेच्या आधी पोचायचं. ३४० खोल्यांची वास्तू आहे, सगळी दाखवत नाहीत, पण दरबार हॉल, ज्याला आता गणतंत्र मंडप म्हणतात, तिथला गुप्तकाळातला बुद्ध बघितला की माणूस आपोआप गप्प होतो. आणि फेब्रुवारीत गेलात तर अमृत उद्यान, म्हणजे पूर्वीचं मुघल गार्डन, साधारण त्याच काळात लोकांसाठी उघडतं, प्रवेश फुकट पण बुकिंग लागतं, सोमवारी बंद. सासूबाईंना फुलझाडांची आवड असेल तर हे एकच ठिकाण त्यांना वर्षभर पुरेल. स्लॉट लवकर भरतात, शनिवार-रविवारचे तर पहिल्यांदा.

मुलाला एक गंमत दाखवा. विजय चौकात उभं राहून राष्ट्रपती भवनाकडे बघायचं. लांबून, इंडिया गेटकडून येताना इमारत पूर्ण दिसत असते आणि जसजसं जवळ जावं तसतशी ती टेकडीच्या चढामागे खाली जाते, विजय चौकात तर घुमटच काय तो उरतो. नवी दिल्लीचे दोन आर्किटेक्ट होते, एडविन ल्युटेन्स आणि हर्बर्ट बेकर. रायसीना टेकडीच्या चढाचा उतार किती ठेवायचा यावरून दोघांचं जोरदार भांडण झालं, ल्युटेन्सला हवा तसा तो झाला नाही, आणि ते भांडण आजही रस्त्यावर उभं राहून डोळ्यांनी दिसतं. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणायचं जाहीर झालं, १९३१ मध्ये नव्या शहराचं उद्घाटन, आणि सोळा वर्षांनी इंग्रज गेले. एवढं सगळं बांधलं आणि सोळाच वर्षं वापरलं, हे मुलांना सांगितलं की त्यांना ते बरोबर कळतं.

दुपारी आराम करून साडेचारच्या सुमारास इंडिया गेट. बेचाळीस मीटर उंच, पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक, तेरा हजारांवर नावं कोरलीयत. मागच्या छत्रीत पंचम जॉर्जचा पुतळा होता तो १९६८ मध्ये हलवला, मी ग्रुप आणायला लागलो तेव्हा छत्री रिकामीच होती आणि प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी विचारायचंच की इथे काय होतं. २०२२ च्या सप्टेंबरात तिथे नेताजींचा ग्रॅनाईटचा पुतळा बसला, अठ्ठावीस फुटी.

पण लोक इंडिया गेटसमोर फोटो काढून परत फिरतात आणि शंभर पावलांवरचं नॅशनल वॉर मेमोरियल बघतच नाहीत, हे मला फार लागतं. ताई, हे चुकवू नका. २०१९ च्या फेब्रुवारीत उघडलं, प्रवेश फुकट, रॅम्प आहेत, व्हीलचेअर फिरते. एकात एक चार वर्तुळं आहेत, अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र. त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून जास्त सैनिकांची नावं, एका विटेएवढ्या ग्रॅनाईटच्या पाटीवर एक नाव, हुद्दा आणि रेजिमेंट. पाच वर्षांपूर्वी साताऱ्याकडचे एक काका होते माझ्या ग्रुपमध्ये, त्यांचा थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईत गेलेला. तिथल्या स्क्रीनवर नाव शोधून कुठल्या भिंतीवर आहे ते काढलं, आम्ही सगळे गेलो, काकांनी पाटीवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला, मग खिशातून गावच्या देवीचा अंगारा काढून तिथे लावला. माझ्या ग्रुपमधली लहान मुलं त्या दिवशी तासभर एक शब्द बोलली नाहीत. तुमच्या गावातलं, नात्यातलं कोणी असेल तर नाव, रेजिमेंट आधी घरी विचारून लिहून घ्या.

शेजारीच परमयोद्धा स्थळ आहे, तिथे परमवीरचक्र मिळालेल्या एकवीस जणांचे अर्धपुतळे. मुलाला सांगा की परमवीरचक्राचं डिझाईन ज्यांनी केलं त्या सावित्रीबाई खानोलकर. जन्माने युरोपियन, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या, विक्रम खानोलकर या आपल्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं, संस्कृत आणि पुराणांचा अभ्यास केला. पदकाच्या चार बाजूंना जे इंद्राचं वज्र आहे ते दधीची ऋषींच्या हाडांचं, म्हणजे दुसऱ्यांसाठी देह दिलेल्या माणसाचं, हे त्यांच्या डोक्यातून आलेलं. याच पुतळ्यांमध्ये अरुण खेत्रपाल आहेत, पुण्यात जन्मलेले, एकविसाव्या वर्षी गेले. संध्याकाळी सूर्य मावळताना तिथे छोटासा समारंभ असतो, एखाद्या हुतात्म्याच्या घरच्या माणसाच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं. तो बघूनच निघा, थंडी वाजली तरी.

दुसरा दिवस जुनी दिल्ली. व्हायलेट लाईनवर "लाल किला" स्टेशन आहे, तिथे उतरलात तर कमीत कमी चालणं. तिकीट आदल्या रात्रीच ऑनलाईन काढा, पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिकीट लागत नाही. आत जाताच गेटवर व्हीलचेअर मागा, सासूबाई नको म्हणतील, पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात, तरी घ्या. लाहोरी दरवाज्यापासून मागच्या महालांपर्यंत चालणं बरंच आहे आणि लोक छत्ता बाजारातच दमतात.

शाहजहानने १६३९ ला काम सुरू केलं, १६४८ ला पूर्ण झालं. नक्कारखाना, मग दिवाण-ए-आम, आणि त्याच्या मागे दिवाण-ए-खास. इथे, ताई, मी प्रत्येक मराठी ग्रुपला पंधरा मिनिटं बसवतो. वरती छत बघायला सांगतो. ते छत पूर्वी चांदीचं होतं. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, पुढे अब्दाली, सोबत एवढी मोठी फौज, बायका-मुलं, यात्रेकरू, आणि खजिन्यात पैसा नाही, देशावरून येत नाही. तेव्हा भाऊंनी या छताची चांदी काढून नाणी पाडली. पाच महिन्यांनी १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. इथले बरेचसे गाईड एका वाक्यात "मराठ्यांनी लुटलं" म्हणून पुढे जातात आणि आपली माणसं ते ऐकून खाली बघतात. मी पूर्ण गोष्ट सांगतो, काढलं हे खरं, आणि ते कुठल्या पोटाच्या आगीतून काढलं तेही खरं.

आणि पानिपतवर गोष्ट थांबत नाही, हे आपल्याकडे शाळेत नीट सांगतच नाहीत. दहा वर्षांत मराठे परत दिल्लीत होते. १७७१ मध्ये दिल्ली घेतली, १७७२ च्या सुरुवातीला महादजी शिंद्यांनी शाह आलम बादशहाला आणून याच किल्ल्यात गादीवर बसवलं. १७८८ मध्ये गुलाम कादिरने याच किल्ल्यात त्या म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजींच्या फौजेने येऊन त्याला सोडवलं आणि गुलाम कादिरला पकडून मारलं. मग १८०३ पर्यंत दिल्लीवर शिंद्यांचा वचक होता. त्या वर्षी सप्टेंबरात यमुनेपलीकडे पटपडगंजला जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेला हरवलं आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली, मुघलांकडून नाही, मराठ्यांकडून. हे तिथे दिवाण-ए-खासच्या समोर पायरीवर बसून ऐकताना सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघा. वयस्कर माणसं इथे खूप बोलायला लागतात, त्यांना घाई करू नका.

किल्ल्यातल्या इंग्रजी बराकींमध्ये म्युझियम केलीयत, नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं त्यातलं एक, सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला १९४५-४६ मध्ये याच किल्ल्यात चालला होता. पाचवीतल्या मुलाला ते आवडेल. पण पाय थकले असतील तर तेवढं एकच म्युझियम बघा, बाकी सोडा.

बाहेर आलात की समोर चांदनी चौक. आता लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता चालण्यासाठी केलाय, सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी, सायकलरिक्षा चालतात. सासू-सासऱ्यांना सायकलरिक्षात बसवा, भाडं आधी ठरवा, आणि हळू घ्यायला सांगा. सुरुवातीलाच लाल जैन मंदिर, त्याला लागून गौरीशंकर मंदिर. हे शिवमंदिर आपा गंगाधर नावाच्या, शिंद्यांच्या चाकरीतल्या मराठ्याने १७६१ मध्ये बांधलं असं सांगतात. पानिपतच्याच सालात दिल्लीच्या भर बाजारात एक मराठी माणूस महादेवाचं देऊळ उभं करतो, मला दर वेळी तिथे पायरीवर डोकं टेकवताना हेच आठवतं. पुढे सीसगंज गुरुद्वारा, इथे १६७५ मध्ये गुरु तेगबहादूरांचा शिरच्छेद झाला. डोकं झाकून जायचं, रुमाल तिथे मिळतो.

खाणं. दरीब्याच्या तोंडाशी जाड जिलबी, ती गरमच खा, आपल्या जिलबीपेक्षा खूप जड असते, दोघांत एक पुरे. मेट्रोच्या गल्लीच्या तोंडाशी दहीभल्ले. पराठेवाली गल्लीचे पराठे तळलेले असतात, तव्यावरचे नाहीत, हे घरी आधी सांगून ठेवा, सासऱ्यांना पित्त असेल तर चाखण्यापुरतंच. फेब्रुवारीत सकाळी हातगाडीवर दौलत की चाट मिळते, दुधाच्या फेसाची, तोंडात टाकली की विरघळते, थंडी संपली की ती पण संपते, त्यामुळे दिसली तर सोडू नका. पाणी मात्र बाटलीचंच, आणि कापून ठेवलेली फळं नकोत.

जामा मशिदीला तीस-पस्तीस उंच पायऱ्या आहेत. सासूबाईंना खाली बसवून तुम्ही आणि मुलगा जाऊन या. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला बाहेरच्यांना आत घेत नाहीत, तो दिवस असेल तर सकाळीच उरका. पुरानी दिल्लीत दीडच्या पुढे थांबू नका, गर्दी वाढते, हॉटेलवर परत.

तिसरा दिवस दक्षिण. कुतुबमिनार सकाळी सात-साडेसातला गाठा. दहानंतर शाळांच्या सहली येतात. मेट्रो स्टेशनचं नाव कुतुबमिनार असलं तरी मिनार तिथून दीडेक किलोमीटर आहे, रिक्षा करावी लागते. साडेबहात्तर मीटर उंच, कुतुबुद्दीन ऐबकने सुरू केला, इल्तुतमिशने वर चढवला, वीज पडल्यावर फिरोजशाह तुघलकाने वरचे मजले परत बांधले, म्हणून वरचा दगड वेगळा, संगमरवर मिसळलेला दिसतो. आत ३७९ पायऱ्या आहेत पण १९८१ च्या डिसेंबरात दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली, पंचेचाळीस माणसं गेली, त्यातली बरीच शाळेतली मुलं, तेव्हापासून वर जाणं बंद. शेजारची मशीद सत्तावीस देवळांच्या सामानातून बांधली असं तिथल्याच शिलालेखात आहे. खांबांवरच्या घंटा, साखळ्या, पूर्णकलश आपल्याकडच्या जुन्या देवळांतल्यासारखेच, ओळखू येतात.

मुलासाठी खरी जागा लोहस्तंभ. सात मीटरच्या वर उंच, सहा टनांहून जास्त वजन, सोळाशे वर्षं उन्हापावसात उभा, गंजला नाही. त्यातल्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला, आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांनी यावर खूप काम केलंय. पूर्वी लोक पाठ टेकवून मागे हात बांधायचे, नशीब काढायला, त्या घामाने आणि घासण्याने तो खालून झिजत होता म्हणून आता कुंपण आहे. विज्ञानाची वही सोबत असेल तर तिथेच बसून चित्र काढू द्या त्याला.

तिथून दिल्ली हाट, आयएनए स्टेशनला लागूनच. जेवण तिथे करा, बऱ्याच राज्यांचे स्टॉल असतात, बसायला सावली, बाथरूम स्वच्छ. सासऱ्यांना एव्हाना वरण-भाताची आठवण यायला लागली असेल तर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात बाहेरच्यांना जेवण मिळतं का ते फोन करून विचारा. बऱ्याच वेळा मिळतं. तिसऱ्या दिवशी साधी भाजी-भाकरी मिळाली की म्हाताऱ्या माणसांचा मूड एकदम बदलतो, हे मी शंभरदा बघितलंय.

चार वाजता हुमायूनचा मकबरा. सूर्य कलायच्या वेळी लाल दगड जो दिसतो तो बघायचाय. ताजमहालाच्या जवळपास सत्तर-ऐंशी वर्षं आधीचा, हुमायूनच्या बेगमने बांधवून घेतला, चारबागेच्या मधोमध. १८५७ च्या सप्टेंबरात शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर इथेच लपला होता आणि इथूनच त्याला पकडून नेलं. एक अडचण सांगतो, मकबऱ्याच्या चौथऱ्यावर चढायच्या पायऱ्या उभ्या आणि उंच आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी प्रयत्नच करू नये. खाली कारंज्याशेजारी बसून समोरून जास्त सुंदर दिसतो. प्रवेशद्वाराजवळ २०२४ मध्ये नवीन म्युझियम उघडलंय, जमिनीखाली, उतरत्या रॅम्पचं, ते त्यांना आरामात बघता येईल.

चौथा दिवस. इथे तुमचा एजंट आग्रा म्हणेल. एका दिवसात आग्रा जाऊन येता येतं, निजामुद्दीनहून सकाळी गतिमान एक्सप्रेसने, पण तो मोठा दिवस होतो, रात्री परत यायला दहा वाजतात. सासू-सासऱ्यांनी ताज बघितला नसेल आणि त्यांची इच्छा असेल तरच करा, त्यांना विचारून. गेलात तर आग्रा किल्ल्याला नक्की थांबा. १६६६ मध्ये महाराज आग्र्याला आले, नजरकैदेत पडले आणि निसटले ते याच शहरातून, किल्ल्याबाहेर महाराजांचा पुतळा आहे. हरिद्वार मात्र चार दिवसांत घालू नका. आणि नवीन लोकांना सुचत नाही पण माझे काही ग्रुप आग्र्याऐवजी पानिपत मागतात, दिल्लीहून नव्वदेक किलोमीटर, काला अंबचं स्मारक बघून दुपारपर्यंत परत. बघायला मोठी इमारत नाही, बाग आणि एक स्तंभ. तरी तिथून परतताना गाडीत सगळे शांत असतात.

दिल्लीतच राहायचं ठरवलंत तर सकाळी गांधी स्मृती, जिथे बापूंचे शेवटचे १४४ दिवस गेले. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांची शेवटची पावलं सिमेंटमध्ये उठवलीयत. मोठी माणसं त्या पावलांच्या बाजूबाजूने चालतात, कोणी सांगावं लागत नाही. मग उत्तरेला २६ अलीपूर रोड, सिव्हिल लाईन्स मेट्रोपासून जवळ. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले ते या जागेवरच्या घरात. आता तिथे उघड्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे, २०१८ मध्ये झालेलं, आत त्यांचं आयुष्य नीट मांडलंय आणि लिफ्टही आहे. महाराष्ट्रातून लाखो लोक दिल्लीला येतात आणि इथे न येता जातात, कारण बसवाल्यांच्या चौदा पॉइंटमध्ये हे नसतं. चैत्यभूमी आपण सगळे बघतो, जिथे ते राहिले, जिथे शेवटचं लिखाण केलं ती जागाही बघावी असं मला मनापासून वाटतं.

अक्षरधाम लोक विचारतातच. चांगलं आहे, कोरीव काम डोळे फिरवणारं, पण मोबाईल, कॅमेरा, बॅग काही आत नेता येत नाही, क्लोकरूमची रांग लांब, आणि अर्धा दिवस सहज जातो. करायचं असेल तर दुपारी तीनला जाऊन संध्याकाळचा पाण्याचा शो बघून या, आणि आत शिरायच्या आधी कुठे भेटायचं ते ठरवून ठेवा कारण फोन नसतो. लोटस टेंपल या वेळी सोडा, रांग मोठी आणि बघायला वेळ कमी लागतो.

तालकटोरा जाता-येता गाडीतून दिसलं तर मुलाला सांगा. १७३७ च्या मार्चमध्ये पहिले बाजीराव अचानक दिल्लीच्या वेशीवर येऊन थडकले, कालकाजीच्या बाजूला तळ पडला, मग तालकटोऱ्याजवळ मुघल फौजेला हरवून, शहराला हात न लावता निघून गेले. चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे स्वतः लिहिलंय. त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये २०२५ च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन झालं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष. मी तीन दिवस तिथे होतो, दिल्लीच्या थंडीत सगळीकडून मराठी ऐकू येत होती.

खरेदीसाठी रिक्षावाला "गव्हर्नमेंट एम्पोरियम" म्हणून कुठे नेत असेल तर उतरू नका. खरी राज्य सरकारांची एम्पोरियम कॅनॉट प्लेसजवळ बाबा खडकसिंग मार्गावर ओळीने आहेत, किंमत ठरलेली असते. सासूबाईंना शाल तिथेच घ्या.

परतीच्या दिवशी तिकिटावरचं स्टेशन दोनदा वाचा, नवी दिल्ली, दिल्ली जंक्शन म्हणजे पुरानी दिल्ली, निजामुद्दीन, आनंद विहार, ही चार वेगळी स्टेशनं आहेत आणि चुकीच्या स्टेशनवर गाडी गाठायला गेलेली कुटुंबं मी बघितलीयत. हॉटेलवरून दोन तास आधी निघा. सासूबाईंच्या गुडघ्याला जिने चढणं अजिबातच जमत नसेल तर तसं कळवा, आणि तारखा ठरल्या की वार सांगा, कुठला दिवस कुठे टाकायचा ते मी बदलून देतो.